ड्रिल चक आणि कॉलेट

ड्रिल चक आणि कॉलेट ही यांत्रिक कर्मशाळेत वापरली जाणारी दोन प्रमुख पकड-साधने आहेत. ड्रिल, एंड मिल, रीमर यांसारखे हत्यार फिरत्या स्पिंडलच्या अक्षाशी समकेंद्र धरून ठेवणे हे दोहोंचे मूळ काम होय. लेथवर काही वेळा हत्याराऐवजी जॉबही कॉलेटमध्ये धरला जातो. दोन्ही साधने दंडगोल वस्तू पकडतात, म्हणून ती एकमेकांना पर्यायी आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांची कामे वेगळी आहेत. ड्रिल चक अक्षाच्या दिशेने येणारा दाब सोसण्यासाठी आणि हत्यारे झटपट बदलण्यासाठी बनवलेला असतो, तर कॉलेट आडव्या दिशेने येणारे बल सोसून अचूकता राखण्यासाठी. घरातील लहान कर्मशाळेत जागा आणि पैसा दोन्ही मर्यादित असल्यामुळे या फरकाची जाण विशेष महत्त्वाची ठरते. चुकीच्या निवडीने काम बिघडते, हत्यार मोडते आणि प्रसंगी कारागिराला इजाही होते.

रचना आणि कार्यतत्त्व

सर्वसाधारण ड्रिल चकमध्ये तीन जबडे असतात. चकच्या पोलादी शरीरात तिरप्या पाडलेल्या तीन छिद्रांतून हे जबडे सरकतात. जबड्यांच्या बाहेरील बाजूस आटे कापलेले असतात आणि त्यांत एक आटेदार कडे बसलेले असते. हे कडे बाहेरील बाहीला जोडलेले असते. बाहीच्या कडेवरील दात्यांत चकची चावी अडकवून फिरवली की कडे फिरते आणि तिन्ही जबडे एकाच वेळी पुढे सरकत मध्याकडे येतात. उलट फिरवल्यास ते मागे जाऊन उघडतात. एकाच चकमध्ये १ ते १३ मिलीमीटर व्यासाचे कोणतेही ड्रिल धरता येते, ते या रचनेमुळेच. मात्र प्रत्येक जबडा हत्याराला एका अरुंद पट्टीवरच स्पर्श करतो. म्हणजे पकड तीन रेषांवर असते.

कॉलेट म्हणजे लांबीच्या दिशेने चिरा पाडलेली, बाहेरून निमुळती आणि आतून दंडगोल छिद्र असलेली पोलादी नळी होय. ती तितक्याच निमुळत्या खोबणीत ढकलली किंवा ओढली की चिरा मिटतात, छिद्र आक्रसते आणि आतील हत्याराच्या दांड्याला जवळजवळ सर्व बाजूंनी कवळ पडते. स्पर्शाचे क्षेत्र मोठे असल्याने पकड घट्ट व समान असते. दबाव सोडला की पोलादाच्या लवचीकतेमुळे कॉलेट पुन्हा उघडते. ही लवचीकता मर्यादित असल्यामुळे एक कॉलेट अगदी थोड्या व्यास-फरकातच काम करू शकते आणि निरनिराळ्या व्यासांसाठी कॉलेटांचा संच ठेवावा लागतो. ‘कॉलेट’ हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ लहान गळपट्टी असा आहे.

इतिहास

आज वापरात असलेल्या निमुळत्या जोडणीचे मूळ अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांच्या कामात आहे. त्यांनी १८६३ मध्ये पिळाच्या ड्रिलचे एकस्व घेतले आणि पुढे न्यू बेडफर्ड येथे ड्रिल बनवणारी कंपनी काढली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा मोर्स टेपर आजही लेथ व ड्रिलिंग यंत्रांवर सर्वत्र आढळतो.

चावीने घट्ट करण्याच्या तीन जबड्यांच्या चकचे एकस्व आर्थर जेकब्स यांना १९०२ मध्ये मिळाले. त्यांनी हार्टफर्ड, कनेक्टिकट येथे उभारलेल्या कंपनीचा चक इतका रूढ झाला की अशा रचनेला आजही ‘जेकब्स चक’ असेच म्हणतात. चावीविना घट्ट होणाऱ्या अचूक चकच्या बाबतीत जर्मनीतील अल्ब्रेख्ट या नावाला तसेच स्थान आहे.

कॉलेटचा वापर १९व्या शतकात घड्याळजींच्या लहान लेथवर रूढ झाला. पुढे अमेरिकेतील हार्डिंज कंपनीच्या लेथमुळे ५ सी हा आकार सर्वत्र पोचला. ब्रिजपोर्ट, कनेक्टिकट येथे १९३८ मध्ये तयार झालेल्या ब्रिजपोर्ट मिलिंग मशीनच्या प्रसाराबरोबर आर ८ हा आकार रूढ झाला. सध्या सर्वाधिक वापरात असलेली ईआर कॉलेट स्वित्झर्लंडमधील रेगो-फिक्स कंपनीने १९७०च्या दशकात विकसित केली. पुढे तिचे जर्मन व आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले, म्हणून एका उत्पादकाची कॉलेट दुसऱ्याच्या धारकात बसते.

बलाची दिशा आणि मूलभूत फरक

छिद्र पाडताना ड्रिलवर दोन बले येतात : अक्षाच्या दिशेने वर ढकलणारा दाब आणि कापण्यामुळे येणारा पीळ. वरचा दाब चकला स्पिंडलच्या टेपरमध्ये अधिक घट्ट बसवतो. ड्रिलच्या दोन्ही धारा समोरासमोर कापत असल्याने आडवे बल जवळजवळ परस्पर रद्द होते. अशा परिस्थितीत तीन रेषांवरील पकड पुरेशी ठरते.

मिलिंग करताना स्थिती पालटते. एंड मिलचा एकेक दाता बाजूने धातूत शिरतो आणि बाहेर पडतो. त्यामुळे आडवे बल येते, तेही सतत कमी-जास्त होत, म्हणजे ठोक्यांच्या स्वरूपात. शिवाय पिळाचे दाते असलेला कटर स्वतःला खाली, चकबाहेर ओढत असतो. ड्रिल चकमध्ये धरलेल्या एंड मिलबाबत यातून दोन धोके उद्भवतात. पहिला, एंड मिलचा दांडा कठीण व गुळगुळीत असल्याने तो जबड्यांतून हळूहळू खाली सरकतो. कापाची खोली नकळत वाढते आणि जॉब बिघडतो. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. बहुतेक चक आपल्या आर्बरवर केवळ टेपरच्या घर्षणाने बसलेला असतो. त्याला मागून ओढून धरणारा बोल्ट नसतो. आडव्या ठोक्यांनी ही जोडणी सैल होते आणि फिरता चक कटरसह खाली पडू शकतो. एक किलोग्रॅमच्या आसपास वजनाचा, मिनिटाला हजारभर फेरे घेणारा असा गोळा टेबलावर आपटून कोणत्या दिशेला जाईल, हे सांगता येत नाही. म्हणूनच ड्रिल चकमध्ये एंड मिल धरून मिलिंग करू नये, हा कर्मशाळेतील प्राथमिक नियम मानला जातो.

उलट बाजूने पाहता, कॉलेटमध्ये ड्रिल धरण्यात कोणताही धोका नाही; अडचण केवळ सोयीची आहे. सामान्य ड्रिलचा दांडा ड्रिलच्याच व्यासाचा असतो. १ ते १३ मिलीमीटरपर्यंत अर्ध्या मिलीमीटरच्या अंतराने असलेल्या संचात २५ ड्रिल असतात. प्रत्येक ड्रिलसाठी नट सोडणे, कॉलेट बदलणे आणि पुन्हा आवळणे यात बराच वेळ जातो. चकमध्ये हेच काम काही क्षणांत होते.

स्पिंडलशी जोडणी

कोणताही चक किंवा कॉलेट धारक विकत घेण्यापूर्वी यंत्राच्या स्पिंडलचा आकार निश्चित करावा लागतो. पकड कितीही उत्तम असली तरी जोडणी जुळली नाही तर ती निरुपयोगी ठरते.

मोर्स टेपरमध्ये व्यास दर २० मिलीमीटर लांबीला साधारण १ मिलीमीटरने कमी होतो. उतार इतका अल्प असल्यामुळे टेपर घर्षणाने स्वतःच धरून राहतो. या टेपरचे ० ते ७ असे क्रमांक असून घरगुती यंत्रांवर पुढील आकार आढळतात. मोठ्या टोकाकडील मूळ व्यास असे :

• एमटी १ : १२.०६५ मिलीमीटर
• एमटी २ : १७.७८० मिलीमीटर
• एमटी ३ : २३.८२५ मिलीमीटर
• एमटी ४ : ३१.२६७ मिलीमीटर

इंग्लंडमध्ये १९४६ मध्ये बाजारात आलेल्या व छंद म्हणून यंत्रकाम करणाऱ्यांत लोकप्रिय ठरलेल्या मायफर्ड एमएल ७ या लेथच्या स्पिंडलमध्ये आणि टेलस्टॉकमध्येही एमटी २ आहे. चिनी बनावटीच्या छोट्या टेबल-लेथमध्ये बहुधा स्पिंडल एमटी ३ आणि टेलस्टॉक एमटी २ असतो. त्याच वर्गातील छोट्या मिलिंग यंत्रांत एमटी ३ किंवा आर ८ यांपैकी एक आढळतो.

मोर्स टेपरच्या दांड्याचे शेपूट दोन प्रकारचे असते. चपट्या जिभेचा दांडा ड्रिलिंग यंत्रासाठी असतो. स्पिंडलच्या खाचेतून पाचर मारून तो या जिभेच्या आधारे बाहेर काढतात. मागच्या टोकाला आटे असलेला दांडा मिलिंगसाठी असतो. त्यात स्पिंडलमधून आलेला लांब बोल्ट, म्हणजे ड्रॉबार, फिरवून तो वर ओढून धरतात. मेट्रिक दांड्यांत एमटी २ साठी एम १० आणि एमटी ३ साठी एम १२ आटे प्रमाणित आहेत. मिलिंगसाठी ड्रॉबार अनिवार्य आहे, कारण केवळ घर्षणावर बसलेला मोर्स टेपरही कंपनांनी सुटतो.

आर ८ चा उतार बराच तीव्र असल्याने तो आपोआप धरून राहत नाही. तो नेहमी ड्रॉबारनेच ओढलेला असतो. त्याचे आटे ७/१६ इंची, इंचाला २० असे आहेत. बोल्ट सैल करून हलका ठोका दिला की तो लगेच सुटतो, त्यामुळे हत्यारे बदलणे सोपे जाते.

चक आणि आर्बर यांच्यामध्येही एक लहान टेपर असतो आणि खरेदीतील बहुतेक चुका येथेच होतात. या जोडणीचे जेकब्स आणि बी असे दोन वर्ग आहेत. बी वर्ग हा मोर्स टेपरचाच आखूड तुकडा होय : बी १० व बी १२ हे एमटी १ चे, तर बी १६ व बी १८ हे एमटी २ चे अनुक्रमे लहान व मोठ्या टोकाकडील भाग आहेत. जेकब्स वर्गातील आकारांचे उतार परस्परांहूनही भिन्न आहेत. उदाहरणार्थ, जेटी ३३ चा मोठा व्यास सुमारे १५.८५ मिलीमीटर आणि बी १६ चा सुमारे १५.७३ मिलीमीटर आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि हाताने बसवल्यास बसल्यासारखेही वाटतात. परंतु बी १६ चा उतार साधारण २० ला १, तर जेटी ३३ चा १५.७५ ला १ असल्यामुळे स्पर्श केवळ एका टोकाला होतो आणि चक कामात असताना निसटतो. म्हणून चक व आर्बर दोहोंवर कोरलेला आकार वाचूनच जोडी जुळवावी. दांडा आणि चक एकाच अखंड तुकड्यात असलेले नमुनेही मिळतात. त्यांत एक जोड कमी झाल्याने अचूकता व सुरक्षितता दोन्ही वाढतात.

ड्रिल चकचे प्रकार

चावीचा चक स्वस्त, दणकट आणि दुरुस्तीस सोपा असतो. घट्ट करताना चावी एकाच छिद्रात न लावता तिन्ही छिद्रांत क्रमाने लावून आवळल्यास पकड अधिक समान बसते.

चावीविना अचूक चकमध्ये बाही हाताने फिरवली की जबडे मिटतात आणि कापताना येणारा पीळ पकड आणखी घट्ट करतो. अनेक ड्रिल पाळीपाळीने वापरायचे असल्यास यात वेळ वाचतो आणि अचूकताही अधिक मिळते. उलट दिशेने फिरवल्यास मात्र हा चक सुटण्याची शक्यता असते, त्यामुळे आटे पाडणारा टॅप त्यात धरून उलटा फिरवणे योग्य नव्हे. हातातील विजेच्या ड्रिलवर येणारा प्लॅस्टिकच्या बाहीचा चक हा वेगळा प्रकार असून अचूक यंत्रकामासाठी तो उपयुक्त नाही.

चकची क्षमता ठरवताना मोठा तो चांगला, हा हिशेब लागू पडत नाही. ३ ते १६ मिलीमीटर क्षमतेच्या चकमध्ये ३ मिलीमीटरपेक्षा बारीक ड्रिल धरता येत नाही. मोठा चक जड असतो आणि उंचीही अधिक घेतो. लहान मिलिंग यंत्रात स्पिंडल व टेबल यांच्यातील जागा मुळातच कमी असते. तीत चक, आर्बर आणि लांब ड्रिल बसवल्यावर जॉबसाठी जागा उरत नाही. लेथच्या टेलस्टॉकवरही लांब चकमुळे दोन सेंटरांमधील अंतर खर्ची पडते. म्हणून सर्वसाधारण कामासाठी १ ते १३ मिलीमीटरचा एक चक आणि बारीक ड्रिलसाठी ० ते ६ मिलीमीटरचा एक लहान चक, ही जोडी एका मोठ्या चकपेक्षा सोयीची असते. १३ मिलीमीटरपेक्षा मोठे ड्रिल मोर्स टेपरच्या दांड्यासह मिळते आणि ते चकविना थेट टेलस्टॉकमध्ये बसवता येते.

कॉलेटचे प्रकार

आर ८ आणि मोर्स टेपर कॉलेट थेट स्पिंडलमध्ये बसतात व ड्रॉबारने ओढल्या जातात. मध्ये वेगळा धारक नसल्याने हत्यार स्पिंडलच्या जवळ राहते, कडकपणा वाढतो आणि उंची वाचते. मात्र या कॉलेट फक्त आपल्या नेमक्या व्यासालाच नीट पकडतात. व्यास थोडा जरी वेगळा असला तरी छिद्राच्या भिंती समांतर राहत नाहीत आणि पकड एका टोकालाच पडते.

५ सी कॉलेट मुख्यतः लेथवर जॉब धरण्यासाठी वापरतात. त्यांत सुमारे २७ मिलीमीटरपर्यंतचा गोल गज स्पिंडलमधून आरपार घालता येतो. षट्कोनी व चौकोनी गजांसाठीही ५ सी कॉलेट मिळतात. त्यांचीही व्यासमर्यादा अरुंद असल्याने संच मोठा ठेवावा लागतो.

ईआर कॉलेटला दोन्ही टोकांकडून चिरा असतात. मागील लांब भागाचा उतार अक्षाशी ८ अंशांचा, तर पुढील आखूड भागाचा ३० अंशांचा असतो. पुढचा नट आवळला की कॉलेट दोन्ही उतारांवर एकदम दाबली जाते आणि सर्व लांबीभर समांतर मिटते. त्यामुळे बहुतेक आकारांची एक कॉलेट आपल्या नाममात्र व्यासापासून १ मिलीमीटर कमी व्यासापर्यंत पकडू शकते. १० मिलीमीटरची कॉलेट ९ ते १० मिलीमीटरचा दांडा धरते. नावातील अंक कॉलेटच्या बाहेरील व्यासाशी निगडित आहे. कमाल क्षमता साधारण अशी :

• ईआर ११ : ७ मिलीमीटर
• ईआर १६ : १० मिलीमीटर
• ईआर २० : १३ मिलीमीटर
• ईआर २५ : १६ मिलीमीटर
• ईआर ३२ : २० मिलीमीटर
• ईआर ४० : २६ मिलीमीटर

एमटी २ स्पिंडलच्या लहान यंत्राला ईआर २५, तर एमटी ३ किंवा आर ८ स्पिंडलच्या यंत्राला ईआर ३२ सामान्यतः योग्य ठरते. लेथ आणि मिलिंग मशीन दोन्ही असल्यास दोहोंवर एकच ईआर आकार ठेवावा. धारक दोन लागले, तरी कॉलेटांचा संच एकच पुरतो. लेथच्या स्पिंडलच्या नाकावर बसणारा ईआर चक घेतल्यास लांब गज आरपार जातो. ड्रॉबारने ओढलेला मोर्स दांड्याचा धारक घेतल्यास तो जात नाही.

अचूकता आणि रनआउट

हत्याराचा अक्ष आणि स्पिंडलचा अक्ष तंतोतंत एक नसल्यास हत्याराचे टोक लहानशा वर्तुळात फिरते. डायल गेजवर एका फेऱ्यात दिसणाऱ्या एकूण फरकास रनआउट म्हणतात. सामान्य चावीच्या चकमध्ये तो ०.१ मिलीमीटर किंवा अधिकही आढळतो. चांगल्या चकमध्ये ०.०५ मिलीमीटर व त्याहून कमी असतो. ईआर कॉलेटमध्ये तो दर्जानुसार ०.०२ ते ०.०१ मिलीमीटर आणि उच्च दर्जाच्या कॉलेटमध्ये ०.००५ मिलीमीटरपर्यंत खाली येतो. हे आकडे फक्त कॉलेटचे आहेत. स्पिंडल, धारक आणि नट यांचे दोष त्यांत मिळवले की प्रत्यक्ष रनआउट ठरतो.

छिद्र पाडताना थोडा रनआउट सहन होतो, कारण सेंटर ड्रिलने केलेल्या खळग्यात ड्रिलचे टोक स्वतःला सावरून घेते. १ मिलीमीटरच्या ड्रिलला मात्र ०.१ मिलीमीटर रनआउट म्हणजे व्यासाचा दहावा हिस्सा होय; असे ड्रिल फार काळ टिकत नाही.

मिलिंगमध्ये परिणाम अधिक ठळक दिसतो. दोन दात्यांच्या कटरला दर दात्यामागे ०.०३ मिलीमीटर सरक दिली आणि रनआउट ०.०२ मिलीमीटर असला, तर वाईटात वाईट स्थितीत एक दाता ०.०५ मिलीमीटर जाडीचा आणि दुसरा केवळ ०.०१ मिलीमीटर जाडीचा काप घेतो. रनआउट ०.०३ मिलीमीटर झाल्यास सर्व काम एकच दाता करतो आणि दुसरा नुसता फिरतो. कटर लवकर बोथट होणे, पृष्ठभागावर लाटा उमटणे आणि आवाज वाढणे यांचे मूळ बहुधा येथे असते.

तपासणी ठरावीक क्रमाने करावी लागते. प्रथम रिकाम्या स्पिंडलच्या आतील टेपरवर ०.०१ मिलीमीटर वाचणारा डायल गेज लावून पाहतात, त्यानंतर धारकाच्या आतील उतारावर आणि शेवटी कॉलेटमध्ये धरलेल्या घासून नेमक्या केलेल्या पिनवर. ड्रिलच्या पिळावर मोजमाप घेतल्यास ते फसवे ठरते. स्पिंडलच सदोष असल्यास महागडी कॉलेट घेऊन लाभ होत नाही. धारकाचा दोष अल्प असल्यास तो स्पिंडलमध्ये अर्धा फेरा फिरवून बसवल्याने काही वेळा दोन दोष परस्परांना छेद देतात आणि एकूण फरक घटतो.

इंच, सूत आणि मिलीमीटर

भारतात इंची आणि मेट्रिक हत्यारे शेजारी शेजारी वापरली जातात. महाराष्ट्रातील कर्मशाळांत आजही इंचाच्या आठव्या भागास सूत म्हणतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, अर्थात ६.३५ मिलीमीटर, आणि चार सूत म्हणजे अर्धा इंच, अर्थात १२.७ मिलीमीटर. जुन्या बाजारातून किंवा बंद पडलेल्या कारखान्यातून घेतलेले कटर पुष्कळदा इंची दांड्याचे असतात. ते आर ८ च्या मेट्रिक कॉलेटमध्ये धरू नयेत. ईआर कॉलेटमध्ये मात्र पाव इंची दांडा ७ मिलीमीटरच्या, तीन सुती म्हणजे ९.५२५ मिलीमीटरचा दांडा १० मिलीमीटरच्या आणि अर्ध्या इंची दांडा १३ मिलीमीटरच्या कॉलेटमध्ये बसतो. तथापि कॉलेट आपल्या नाममात्र व्यासाजवळ सर्वांत अचूक असते. पाव इंची कटर नेहमी लागत असल्यास त्या मापाची स्वतंत्र ईआर कॉलेट घेणे श्रेयस्कर होय.

घरगुती कर्मशाळेतील निवडीचा क्रम

मर्यादित खर्चात पुढील क्रम उपयुक्त मानला जातो :

• यंत्राच्या स्पिंडलचा व टेलस्टॉकचा टेपर आणि ड्रॉबारचे आटे पुस्तिकेतून किंवा मोजून निश्चित करणे.
• टेलस्टॉक किंवा ड्रिलिंग यंत्रासाठी १ ते १३ मिलीमीटरचा, विश्वासार्ह दर्जाचा एक चक आणि त्याला जुळणारा आर्बर घेणे.
• मिलिंग करावयाचे असल्यास ड्रॉबारने ओढला जाणारा ईआर धारक आणि उत्तम दर्जाचा नट घेणे.
• सुरुवातीस पूर्ण संच न घेता प्रत्यक्ष लागणाऱ्या मापांच्या कॉलेट घेणे. मेट्रिक एंड मिलचे दांडे बहुधा ६, ८, १०, १२, १६ आणि २० मिलीमीटरचे असल्याने चार-पाच कॉलेटांत बहुतेक काम भागते.
• गरज पडल्यावर बारीक ड्रिलसाठी लहान चक आणि जॉब धरण्यासाठी उरलेल्या कॉलेट वाढवणे.

ईआर ३२ चा ३ ते २० मिलीमीटरपर्यंतचा पूर्ण संच १८ नगांचा असतो. त्याच खर्चात उच्च दर्जाच्या पाच कॉलेट येत असतील, तर मिलिंगसाठी त्या अधिक उपयोगी पडतात. लेथवर निरनिराळ्या व्यासांचे गज धरण्यासाठी मात्र सामान्य दर्जाचा पूर्ण संच सोयीचा असतो.

वापर, निगा आणि सुरक्षितता

चकमध्ये चावी राहू देऊन यंत्र सुरू करणे ही कर्मशाळेतील सर्वांत जुनी आणि आजही घडणारी चूक आहे. वेगाने भिरकावलेली चावी डोळ्यावर किंवा चेहऱ्यावर आघात करू शकते. हात चावीवरून निघण्यापूर्वी चावी चकमधून निघाली पाहिजे, अशी शिस्त प्रशिक्षणात लावली जाते. सोडताच स्प्रिंगने आपोआप बाहेर पडणारी चावीही मिळते. यंत्राशी साखळीने किंवा दोरीने चावी बांधून ठेवणे धोकादायक आहे, कारण ती दोरी स्पिंडलभोवती गुंडाळली जाऊ शकते. फिरता चक हाताने थांबवू नये आणि यंत्राजवळ हातमोजे, सैल बाह्या किंवा ओढणी असू नये.

चक आर्बरवर बसवताना दोन्ही टेपर तेलरहित व स्वच्छ पुसून घ्यावे लागतात. जबडे पूर्ण आत घेऊन चकच्या तोंडावर लाकडी ठोकळा ठेवून ठोका दिल्यास तो घट्ट बसतो. जबडे बाहेर असताना ठोकल्यास त्यांची अचूकता जाते. चक काढण्यासाठी मागील बाजूस दोन समोरासमोरच्या पाचरी मारतात.

ईआर कॉलेट धारकात टाकून वर नट लावणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. कॉलेट प्रथम तिरपी धरून नटमधील विकेंद्री कड्यात अडकवावी लागते. ती बसल्याचा आवाज येतो. त्यानंतर हत्यार घालून नट धारकावर चढवतात. हे न केल्यास कॉलेट वाकडी बसते आणि सोडताना ती धारकातच अडकून राहते. हत्याराचा दांडा कॉलेटच्या किमान दोनतृतीयांश लांबीत असावा. आखूड तुकडा धरायचा झाल्यास मागे त्याच व्यासाचा दुसरा तुकडा ठेवून आधार देतात. रिकामी कॉलेट आवळू नये, तसेच नाममात्र व्यासापेक्षा जाड दांडा बळेच घालू नये. दोन्ही प्रकारांत ती कायमची विकृत होते.

ईआर नट अपेक्षेपेक्षा बराच घट्ट आवळावा लागतो. ईआर ३२ साठी सांगितला जाणारा पीळ १०० न्यूटन-मीटरहून अधिक असतो. त्यामुळे योग्य आकड्याचा पान्हा आणि स्पिंडल धरण्याची सोय आवश्यक आहे. कॉलेटच्या चिरांत अडकलेला एक बारीक बुरादादेखील रनआउट वाढवतो, म्हणून प्रत्येक बदलाच्या वेळी ब्रशने चिरा, उतार आणि धारकाचे आतील तोंड साफ करतात. दमट हवेत, विशेषतः कोकणासारख्या प्रदेशात, कॉलेटांवर पावसाळ्यात लवकर गंज चढतो. त्यांना तेलाचा पातळ हात देऊन खाचा असलेल्या लाकडी पेटीत ठेवणे आणि वापरापूर्वी तेल पुसून घेणे हितकारक असते.

हेही पाहा

लेथ · मिलिंग मशीन · ड्रिलिंग यंत्र · मोर्स टेपर · डायल गेज · औद्योगिक प्रशिक्षण संस्था